खोटी पोच

गाबेस, १ जुलै २०१९

प्रिय शादली,

पत्राला 'प्रिय' लागतं म्हणून लावलं, त्यावरून हुरळून जाऊ नकोस. अक्षर तुझ्या ओळखीचं नसेल. ऐन रुम्मान ते बिझेर्त एवढ्या अंतरात आपल्याला कागदाची गरज कधी पडलीच नाही, जे काय होतं ते तारेवर आणि रेडिओवर. पण माझा हात तू ओळखतोस. मोर्सच्या कळीवर बसणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हे तूच मला पहिल्यांदा सांगितलं होतंस, आणि सत्तावन्न वर्षांनंतरही तू तो ओळखलास, हे गेल्या जुलैत मला कळलं. तर मी मन्नूबिया. ऐन रुम्मानच्या पोस्टातली. जिनं निरोप पाठवलाच नाही असं तू तिघा साहेबांसमोर सांगितलंस, ती.

तुझं बरं चाललंय हे मला इथं गाबेसला बसून समजतं. दर जुलैत एकोणीस ते तेवीस तुमचा क्लब कालव्याकाठच्या स्काउटांच्या घरात सेट मांडतो. दारावर झेंडा, अंगणात माशाचा कुसकुस, आणि फ्रेंचांशी झालेल्या एकसष्टच्या लढाईची आठवण म्हणून जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांना हाका. पाच दिवस जपानपासून ब्राझीलपर्यंतचे लोक बिझेर्तला उत्तर देत बसतात आणि मग पोस्टानं एकमेकांना पोचकार्डं पाठवतात. तुमच्या कार्डावर तुझा फोटो असतो. कानाला हेडफोन, डोक्यावर लाल शेशिया टोपी, नजर कुठंतरी लांब, आणि खाली छापलेलं असतं, 'एकसष्टच्या लढाईतला तारवाला, उस्ताद शादली'. आमच्या क्लबातल्या पोरांनी ते कौतुकानं भिंतीवर लावलंय. मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

एकवीस तारखेला दुपारी दोन ते तीन कळीवर दुसरं कुणी बसत नाही, तूच बसतोस. 'वीटभट्टीच्या रस्त्याचा तास' असं नाव दिलंय म्हणे त्याला. त्या दुपारी वीटभट्टीच्या रस्त्यावर जे अकरा जण पडले, त्यांची नावं तू एकेक करून पाठवतोस, बोलणाऱ्या प्रत्येकाला एक. ज्याच्याकडे अकराच्या अकरा नावं जमतात त्याला क्लब शिक्का मारून प्रशस्तिपत्र देतो. फिनलंडमधल्या एका म्हाताऱ्याला ते सलग तीन वर्षं मिळालंय, असं तुमच्याच पत्रकात वाचलं. त्याच्या भिंतीवर माझा भाऊ लटकतोय, चौकटीत, फिनलंडमध्ये. आणि ते नाव पाठवणारा हात तुझा. मला सांग शादली, हम्मादीचं नाव पाठवताना तुझी बोटं कधीच अडखळत नाहीत का? मी तीन वर्षं कान लावून बसले. नाही अडखळत. सुरेख पाठवतोस.

तुला वाटत असेल, ही थेरडी रेडिओपर्यंत आली कुठून. माझा नवरा तिजानी गोदीवर कारकून होता, अल्लाह त्याला जन्नत देवो. लग्नानंतर पंधरा वर्षं त्यानं बघितलं, की मी चहा उकळेपर्यंतही ओट्यावर बोटं वाजवत असते. एकदा म्हणाला, "अगं, तबला वाजवल्यासारखं किती दिवस करणार आहेस? तुला ती कळच आणून देऊ का?" मी म्हणाले, नको. त्यानं तरीही जुन्या बाजारातून एक पितळी कळ आणली, नुसती कळ, तारही नाही तिला, आणि मी ती पिठाच्या डब्याशेजारी ठेवली. तिजानी गेल्यावर इथल्या स्काउट क्लबाला मोर्स शिकवणारं कुणी हवं होतं. गेली अकरा वर्षं मी शुक्रवारी दुपारी तिथं जाते. पोरं मला 'आज्जी, सावकाश' म्हणून ओरडतात. सावकाश पाठवायला मी सत्तरीत शिकले.

तर गेल्या वर्षी एकवीस जुलैला, दोन वाजून वीस मिनिटांनी, मी तुला हाक दिली. आमच्या क्लबाची कॉल साइन दिली, आणि मग जे पाठवलं ते तुला तोंडपाठ असेल, तरी लिहिते. 'ऐन रुम्मान. २१ जुलै ६१. दोन वीसचा निरोप मिळाला होता का.' बस्स. त्यानंतर तू गप्प. माझ्या मागं उभ्या असलेल्या पोरांना वाटलं, सिग्नल गेला. मी म्हटलं, गेला नाही, थांबा. मला तुझा श्वास ऐकू येत नव्हता, पण तुझी कळ कुठल्या घटकेला हलेल हे मला अजून कळतं. मग आलं. टिंब-रेघ-टिंब. मिळालं. लागलीच सिग्नल उत्तम, आभार, आणि तू पुढच्या माणसाकडे वळलास. माझ्या आधी एक इटलीवाला होता, त्याला नाव मिळालं. माझ्यानंतर एक अल्जीरियातला होता, त्यालाही मिळालं. मला नाव दिलं नाहीस.

तरी मी रीतीप्रमाणे तुमच्या क्लबाला आमचं पोचकार्ड पाठवलं. तारीख, वेळ, सगळं नीट लिहून. तुझ्या-माझ्यासारख्यांना काय सांगायचं, दोन्ही बाजूंच्या वहीत एकच नोंद असेल तरच ते बोलणं झालं असं धरतात, नाहीतर तू कितीही बोललास तरी हवेत गेलं. फेब्रुवारीत माझं कार्ड परत आलं. त्यावर रबरी शिक्का, 'नोंदीत नाही'. आणि शिक्क्याशेजारी तुझी सही. तुझी ती सही, शेवटी शेपूट वर वळवलेली. मी ओट्यापाशी उभी होते. मिरच्या वाळवून कुटायला घेतल्या होत्या, हात तसाच डोळ्याला लागला, म्हणून डोळ्यांतून पाणी आलं असं मी शेजारणीला सांगितलं.

एकदा नाही, दोनदा, शादली. पहिल्या वेळी तू तेवीस वर्षांचा होतास, जग कोसळत होतं, साहेब समोर होते, जीव वाचवायचा होता. माणूस घाबरतो. पण एक्क्याऐंशीव्या वर्षी? कुणाला घाबरलास? फिनलंडच्या म्हाताऱ्याला?

मला ते दिवस आठवतात, आणि आठवतात याचाच राग येतो. मी वीस वर्षांची, पोस्टात कळीवर बसणारी आमच्या भागातली पहिली मुलगी. यम्मा मला सोडायला रोज दारापर्यंत यायची आणि पोस्टमास्तरांना दम देऊन जायची, "पोरीला उन्हात बसवू नका." तू बिझेर्तच्या टोकाला. दुपारी काम नसायचं तेव्हा तू हळूच विचारायचास, जेवलीस का. मी सांगायची, लबलाबी. तू म्हणायचास, त्यात अंडं फोडलंस का. एवढंच. कुणी ऐकलं तर काय, दोन पोस्टातली माणसं चण्याच्या रश्श्याबद्दल बोलतायत. पण मला घरी जाईपर्यंत ते पुरायचं. रमजानात तू मला माझ्या गावावरून 'डाळिंब' म्हणायला लागलास. पुढच्या वसंतात तुझे वडील आमच्याकडे आले, बरोबर मेंढी आणि मेंदीची टोपली. हम्मादीनं तुला पहिल्यांदा पाहिलं आणि मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "ताई, हा बोलतो कमी. घरात टेबल बडवून बोलणार की काय?" तो सतरा वर्षांचा होता. त्याच्या चेष्टेला मी हातातला पळा फेकून मारला.

आणि तुझा तो गर्व. तुला आठवतो का? मी एकदा तुला सरळ विचारलं होतं, समजलं नाही तर पुन्हा पाठव असं का म्हणत नाहीस. तू म्हणालास, चांगला तारवाला पुन्हा विचारत नाही. पुन्हा विचारलं की ठाण्यातले सगळे मान वर करून बघतात. त्यातून कळीच्या दुसऱ्या टोकाला बाई असेल तर मग विचारायलाच नको. तेव्हा मी हसले होते. मला तो तुझा तोराच वाटायचा, आणि अशा तोऱ्यावर वीस वर्षांची मुलगी भाळते, त्यात नवल नाही.

एकवीस जुलैची दुपार तुझ्या तोंडून जगानं ऐकलीय, आता माझी ऐक. आदल्या दिवशी ऐन रुम्मानहून दोन लॉऱ्या भरून माणसं बिझेर्तला गेली होती, हम्मादी त्यातल्या दुसऱ्या लॉरीत, हातात कुऱ्हाडीचा दांडा. बंदूक म्हणून लॉरीत दोन होत्या, त्यातली एक चालायची. ही माणसं तेलघाणीतल्या ठाण्यात उतरली आणि तूही सेट घेऊन तिथंच. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या. दोन वाजता एक सार्जंट मोटरसायकलवरून आमच्या पोस्टात आला, धुळीनं पांढरा झालेला, आणि माझ्यापुढं कागद टाकला. 'वीटभट्टीचा रस्ता धरू नका. पॅराशूटवाल्यांनी मशीनगन लावली आहे. अंधार पडेपर्यंत माणसं हलवू नका.' ज्यांच्याशी लढत होतो त्यांच्याच भाषेत लिहिलेलं, कारण आपल्याला तीच शिकवली होती. मी दोन वीसला रेडिओवरून पाठवायला सुरुवात केली. दोन बावीसला तुझी पोच आली. टिंब-रेघ-टिंब. मी वहीत लिहिलं, सार्जंटनं त्याखाली सही केली.

पावणेतीनला तुमच्याकडून माणसं निघाली. वीटभट्टीच्या रस्त्यानं.

हम्मादीला तिसऱ्या दिवशी आणलं. ते मी लिहीत नाही.

महिन्याभरानं तिघे साहेब आले, शाळेत टेबल मांडलं. तुला मी शेवटचं तिथं पाहिलं. नवा कोट होता तुझ्या अंगावर. तुला विचारलं, ऐन रुम्मानहून निरोप आला होता का. तू कानावर हात ठेवलेस. त्या दुपारी ऐन रुम्मानहून काहीही आलं नाही, म्हणालास. मी वही पुढं केली. एक साहेब हसून म्हणाला, "मुली, वहीत मागाहूनही लिहिता येतं. गोळीबार चालू होता, तू घाबरली असशील, पळून गेली असशील. कुणी तुला फाशी देत नाही." सार्जंट बावीस तारखेलाच मारला गेला होता, त्याची सही ओळखणारं कुणी नव्हतं. मी तुझ्याकडे बघत राहिले. तू खिडकीकडे बघत होतास, त्या कार्डावरच्या फोटोत बघतोस ना, तसाच.

गावाला काय, तोंडाला चघळायला काहीतरी लागतंच. पण यम्मानं अंगणात, सगळ्या बायकांसमोर, माझे दोन्ही हात धरले, पालथे-उताणे करून बघितले आणि म्हणाली, "ही बोटं त्याच्याशी लबलाबीच्या गप्पा मारायला चालत होती, भावासाठी नाही चालली." मला वाटायचं, आमच्या गप्पा कुणाला कळत नाहीत. तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती मला रोज दारापर्यंत सोडायला यायची. त्यानंतर अठरा वर्षं जगली. माझ्या हातचा घास घेतला नाही. मी गाबेसहून सणाला जायची, भाकरी भाजायची, आणि ती शेजारणीकडून आणलेली खायची. मरताना तिच्या ओठाला पाणी लावायला गेले तर मान वळवली. तू फिनलंडला नावं पाठवतोस, शादली, तर हेही पाठव एखाद्या वर्षी.

माझी बदली गाबेसला झाली, कळीवरून उचलून तिकिटांच्या खिडकीत बसवलं. तुझ्या घरून मेंदीची टोपली परत मागितली नाही, एवढा मोठेपणा दाखवलात. आणि मग वीस-बावीस वर्षांनी, एका ईदच्या आधी, लॉरीवाला खमैस माझ्या दारात उभा. त्या दुपारी तेलघाणीत लॉरीला टेकून तो विडी ओढत होता, तुझ्यापासून चार पावलांवर. त्यानं सांगितलं. तू कळीवर काहीतरी टकटक केलंस, हेडफोन काढलास. दाढीवाल्या म्होरक्यानं विचारलं, "काय म्हणतंय ऐन रुम्मान?" आणि तू म्हणालास, "काही नाही, सगळं ठीक आहे, सलाम पाठवलाय." तुझ्या पुढ्यातल्या कागदावर पाच-सहा अक्षरं होती आणि बाकी कोरा. मी खमैसला विचारलं, शाळेत का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "लॉरीवाल्याला कोण विचारतं, ताई? आणि शादलीचं तर तोवर वर्तमानपत्रात नाव आलं होतं." तेलाचा डबा ठेवून तो गेला. मी त्याला जेवायला थांब म्हणाले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुझ्या क्लबाबद्दल. सुंदुस म्हणून जी मुलगी तुमची नोंदवही सांभाळते, तिनं एप्रिलमध्ये मला फोन केला. घाबरत घाबरत बोलत होती. म्हणाली, "खाला, तुमचं कार्ड परत गेलं ते चुकून गेलं. उस्तादांच्या तासाचं सगळं रेकॉर्डिंग आम्ही ठेवतो. मी ऐकलं. तुम्ही स्वच्छ ऐकू येता आणि त्यांनी पोचही दिलीय. नोंद तेवढी केली नाही." मग विचारलं, "दोन वीसचा निरोप म्हणजे काय, खाला?" बिचारी. तिला वाटलं जुनी काहीतरी गंमत असेल. मी तिला सगळं सांगितलं, यम्मा सोडून. ती म्हणाली, मी नोंद दुरुस्त करते, समितीपुढं रेकॉर्डिंग ठेवते, यंदाच्या कार्डावरून फोटो काढायला लावते. तिचा आवाज चढला होता. मी म्हटलं, यातलं काही करायचं नाही. तिला ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. दर आठवड्याला फोन करून विचारते. तिनं एकदा मनावर घेतलं तर तुझा लाल टोपीतला फोटो, तुझा तास, तुझं उस्तादपण आठवड्याभरात उतरेल, हे तुझ्या ध्यानात येतंय ना? मी अडवून ठेवलंय. तुझ्यावर दया आली म्हणून नव्हे. दया वगैरे माझ्याजवळ उरलेली नाही.

अडवलं ते का, ते आता लिहिते, आणि हे मी तिजानीलाही सांगितलेलं नाही. खमैसलाही नाही. सुंदुसला सांगायला गेले आणि फोन ठेवून दिला.

तू मिनिटाला अठरा शब्द घ्यायचास. त्यापुढं तुझा हात थांबायचा, मला माहीत होतं. मी पंचवीस पाठवायची. आपली चेष्टा चालायची तेव्हा मी मुद्दाम वेग वाढवायची, एकदा तर सबंध स्वयंपाकाची यादी एका दमात सोडली होती, आणि तू ठोकलंस टिंब-रेघ-टिंब, मिळालं. मला इकडे हसू आवरेना. तुला काही मिळालेलं नसायचं, शादली, आणि ते मला दर वेळी कळायचं. खोटी पोच जरा लवकर येते. खरी पोच येण्याआधी माणूस शेवटचं अक्षर लिहितो, तेवढा एक क्षण जातो. तुझ्या खोट्या पोचेत तो क्षण नसायचा. ही आपली गंमत होती. मला ती आवडायची.

त्या दुपारी सार्जंट माझ्या खांद्यामागं उभा होता. बाहेर विमानं. मी कळीवर बसले आणि हात सुटला. पंचवीस, कदाचित सव्वीस. भीतीनं म्हणू? भीती होतीच. पण सार्जंट मध्येच म्हणाला, "वा, पोरी, काय हात आहे", आणि ते मला गोड लागलं. भाऊ तिकडे कुऱ्हाडीचा दांडा घेऊन बसलाय, आणि मला गोड लागलं. निरोप संपला आणि तुझी पोच आली. लवकर आली. मी ऐकलं, लवकर आली. तातडीच्या निरोपाला नुसती पोच चालत नाही, समोरच्यानं निरोप परत म्हणून दाखवायचा, हा पहिल्या आठवड्यात शिकवलेला नियम. मी तुला म्हणायला हवं होतं, परत म्हण. दोन मिनिटं लागली असती. पण सार्जंटसमोर माझ्या होणाऱ्या नवऱ्याला खोटं पाडायचं, आणि माझा हात घेता न येणारा नवरा आहे हे त्याला दाखवायचं, हे माझ्यानं झालं नाही. मी वहीत वेळ लिहिली, उठले आणि सार्जंटला पाणी दिलं. चहा घेणार का, असंही विचारलं. म्हणजे यम्मानं माझ्या बोटांना जे म्हटलं ते तिच्या समजुतीत चुकीचं होतं, आणि तरी फारसं चुकीचं नव्हतं. तू सत्तावन्न वर्षं खोटं बोललास. मी सत्तावन्न वर्षं खरं बोलले, पण अर्धंच. त्या अर्ध्या खऱ्यावर मी जन्मभर तुझा द्वेष केला, आणि तो काही कमी झालेला नाही. फक्त त्यात आता मीही बसते.

हे पत्र का लिहिलं ते सांगते. यंदाची एकवीस तारीख रविवारी येते. दुपारी दोन वीसला मी इथून तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर येईन. तुझा तास असेल, जग ऐकत असेल, फिनलंडवालाही असेलच. मी तोच निरोप पाठवणार आहे, सार्जंटच्या कागदावरचा, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आजारी पडू नकोस, खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवू नकोस, सुंदुसला सांगितलंय की उस्ताद बसले नाहीत तर मग तुला हवं ते कर. मी मिनिटाला बारा शब्दांनी पाठवीन. आमच्या क्लबातलं सर्वांत लहान पोरही घेऊ शकेल इतकं सावकाश. तुझे कान आता कसे आहेत, मला ठाऊक नाही. माझाही हात मधूनच थरथरतो, एखादं टिंब लांबेल. तर नाही मिळालं तर पोच देऊ नकोस. दोन टिंबं, दोन रेघा, दोन टिंबं, नुसतं प्रश्नचिन्ह, एवढंच विचार. सगळ्यांनी मान वर करून बघितलं तरी विचार. मी पुन्हा पाठवीन. तिसऱ्यांदा विचारलंस तर तिसऱ्यांदा पाठवीन, अंधार पडेपर्यंत बसून राहीन. आणि मिळालं की मला तो परत म्हणून दाखव, कारण त्या दिवशी मी ते मागितलं नव्हतं. मग वहीत स्वतःच्या हातानं नोंद कर, वेळ घाल, आणि मला एक नाव पाठव. कुठलं, ते तुला सांगायला नको.

एवढं नोंदीत येईपर्यंत तरी तुझीच,
मन्नूबिया